हसऱ्या पत्रांमागचं इस्पितळ

शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळे मराठी घरांत पोचलेल्या ‘लिटल विमेन’मध्ये वडील युद्धावर असतात. ते वॉशिंग्टनच्या इस्पितळात आजारी असल्याची तार येते आणि त्यांची मुलगी जो आपले लांब केस विकून आईच्या हातावर पंचवीस डॉलर ठेवते. लेखिका लुइझा मे ऑल्कॉटच्या घरी घडलं होतं ते नेमकं उलटं. इस्पितळात मुलगी होती आणि तिला आणायला कॉन्कॉर्डहून वडील धावले. केस मात्र तिचेच गेले, तेही तापात कापावे लागले म्हणून.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. डिसेंबर १८६२मध्ये, नुकतीच तिशी गाठलेली लुइझा जॉर्जटाऊनच्या युनियन हॉटेलात नर्स म्हणून रुजू झाली. हॉटेल नावापुरतंच, आत लष्करी इस्पितळ होतं आणि नाचाच्या दालनात जखमींच्या खाटा. फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत उत्तरेच्या बाजूचे बारा हजारांहून अधिक सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. जखमींचा लोंढा इथेही येऊन थडकला. चिखलाने लडबडलेल्या त्या अनोळखी पुरुषांना अंघोळ घालणं हे आता तिचं काम!

दिवसा जखमा धुवायच्या, सवड मिळाली की घरी पत्र लिहायचं. शिवाय सैनिकांची पत्रंही तीच लिहून द्यायची. एखाद्याच्या घरून उत्तर येई तेव्हा तो उरलेला नसे. जॉन नावाच्या लोहाराच्या बाबतीत हेच झालं. पत्र आलं, पण त्याने डोळे मिटल्यावर. तिने ते त्याच्या हातात ठेवून दिलं.

काही आठवड्यांतच टायफॉइडने तिलाच गाठलं. उपचार म्हणून कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं औषध मिळालं. आपली तब्येत त्यानेच कायमची बिघडवली, असं ती पुढे मानत असे.

बरी झाल्यावर तिने त्या पत्रांवर हात फिरवला. १८६३मध्ये ती बोस्टनच्या ‘कॉमनवेल्थ’ साप्ताहिकात छापून आली आणि त्याच वर्षी ‘हॉस्पिटल स्केचेस’ हे पुस्तक निघालं. निवेदिकेचं नाव ट्रिब्युलेशन पेरिविंकल, आडनावासकट थट्टेचं. वॉर्डाच्या खोल्यांनाही तिने कर्तव्याची, आनंदाची आणि करुणेची अशी नावं ठेवली होती. काही वाचकांना हा सूर खटकला. मरणाच्या दारात विनोद कसला?

पुस्तकाच्या ताज्या कलमात तिने उत्तर दिलं: इस्पितळासारख्या ठिकाणाहूनही घरच्यांना चांगलंच कळवावं, अशी इच्छा होती; त्यामुळे तसं वाटलं असेल. घरी काळजीने झुरणारे आईवडील असताना दुसरं काय लिहिणार होती ती?