घाटातील दौड आणि गावाची सोबत

मॅरेथॉन हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांसमोर एक एकाकी मूर्ती उभी राहते. ओसाड वाट, घामाने निथळणारे शरीर आणि विजयाची वार्ता सांगून कोसळणारा दूत. इसवी सनापूर्वी ४९० साली मॅरेथॉनच्या रणभूमीवरून अथेन्सला धावत गेलेल्या या ग्रीक दूताची कथा सर्वपरिचित आहे. मात्र त्या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या हिरोडोटसला ती ठाऊक नाही. त्याने वर्णन केलेला दूत अथेन्सहून स्पार्टाकडे मदत मागावयास गेला होता. दूताच्या मृत्यूची गोष्ट पुष्कळ पुढच्या लेखकांनी रूढ केली. तरीही जगाने ती मनापासून स्वीकारली, आणि लांब पल्ल्याची दौड म्हणजे एकट्याने भोगावयाचे दिव्य, अशी समजूत तिच्यामुळे दृढ झाली.

वास्तविक या शर्यतीचा प्रत्यक्ष इतिहास निराळे सांगतो. १८९६ साली अथेन्स येथे पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली. ती जिंकणारा स्पिरिडॉन लुइस हा अथेन्सजवळच्या मारूसी गावचा पाणी वाहून नेणारा साधा माणूस होता. त्याला वाटेत एकांत कसा तो लाभला नाही. गावोगावचे लोक रस्त्याच्या कडेला उभे होते आणि आपल्या माणसाला हाका देत होते. म्हणजे ही शर्यत जन्मली तीच मुळी लोकांच्या सोबतीत.

सोबतीला मर्यादा असते, याचा धडा १९०८ साली लंडनमध्ये मिळाला. त्या वर्षी विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणातील राजघराण्याच्या आसनापर्यंतचे अंतर धरण्यात आले. तेच ४२ किलोमीटर १९५ मीटर पुढे १९२१ साली प्रमाण ठरले. इटलीचा डोरांडो पिएत्री क्रीडांगणात प्रथम पोहोचला, पण तेथे तो वारंवार कोसळला. अधिकाऱ्यांनी कळवळून त्याला हात दिला, अंतिम रेषेपार नेले, आणि त्याच मदतीपायी त्याचा विजय रद्द झाला. स्पर्धेचा न्याय म्हणून हे योग्यच होते. परंतु बक्षिसासाठी न धावणाऱ्या हजारो माणसांना हा न्याय कसा लागू करावयाचा? त्यांनी मदतीचा हात घेतला तर काय बिघडते? आजच्या सार्वजनिक दौडींचे मर्म या प्रश्नात आहे.

आपल्याकडील या परंपरेचा आरंभही मोठा हृद्य आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यती पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले. खेड्यापाड्यांतून आलेली शेतकरी मुले तेथे अनवाणी धावत होती. त्यांच्या पायांतील बळ पाहून हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठविण्याची कल्पना टाटांनी उचलून धरली. १९२० साली अँटवर्प येथे बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. पुढे १९५१ साली दिल्लीत पहिले आशियाई सामने भरले, तेव्हा भारताच्या छोटा सिंग यांनी मॅरेथॉन जिंकली. राजधानीच्या रस्त्यांना या शर्यतीची ओळख आहे ती अशी जुनी.

त्या काळी धावणारे मूठभर असत. आता चित्र पालटले आहे. मुंबईची सार्वजनिक मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, दिल्लीची अर्धमॅरेथॉन २००५ साली. अर्धमॅरेथॉन म्हणजे सुमारे २१ किलोमीटर. कारकून, शिक्षिका, वैद्य, निवृत्त अधिकारी, सारेच आता पहाटे उठून धावू लागले आहेत. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा येथे राहणारी मराठी मंडळीही त्यांत आहेत.

दिल्लीच्या दौडीचे स्वतःचे वैभव आहे. रस्ते रुंद, सपाट आणि भव्य. वेगाने धावणाऱ्यास यासारखी वाट सापडणे कठीण. मात्र तिची एक अडचण हवेची आहे. २०१७ साली ही शर्यत नोव्हेंबरात असताना, दूषित हवेमुळे ती पुढे ढकलावी म्हणून वैद्यकांच्या संघटनेला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. पुढच्या वर्षी ती ऑक्टोबरमध्ये घेण्यात आली. दुसरी उणीव चटकन ध्यानात येत नाही. नव्या दिल्लीचा हा मध्यभाग राजसत्तेच्या दिमाखासाठी आखलेला आहे. रस्त्याच्या दोहों अंगांस वृक्षांच्या रांगा, त्यांच्यामागे उंच भिंती आणि भिंतींच्या पलीकडे बंगले. दार उघडून रस्त्यावर पाऊल टाकणारा शेजारी तेथे वसतच नाही. मग धावणाऱ्याला हाक कोणी द्यावी? दिल्लीकर मनाने कोरडा आहे, असे मुळीच नव्हे. त्याचे घर त्या रस्त्यावर नाही, इतकेच.

ही उणीव कशाने भरून निघते, हे पाहावयाचे तर साताऱ्यास जावे लागेल. २०१२ सालापासून तेथे डोंगरावरील अर्धमॅरेथॉन भरते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले हे टुमदार शहर. दिल्लीच्या राजपथाचे नाव २०२२ साली कर्तव्यपथ झाले. साताऱ्यातही एक राजपथ आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंना भिंती नाहीत. तेथे दुकानांच्या फळ्या, घरांचे ओटे आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्या थेट रस्त्यावर उघडतात. अशा शहरातून शर्यत निघते, तेव्हा शहराला ती पाहण्यासाठी कोठे जावे लागत नाही. शर्यतच त्याच्या दारावरून जाते.

शहर मागे पडले की यवतेश्वरचा घाट लागतो. कासकडे जाणारा हा रस्ता. पावसाळा सरत आलेला असतो. दरीतून धुके वर येते, मध्येच एखादी सर येऊन जाते, डोंगर हिरवेगार असतात. अर्ध्या वाटेवरून धावपटू मागे वळतात आणि आल्या वाटेनेच शहरात उतरतात. पहिल्या अर्ध्या पल्ल्यात चढ, दुसऱ्यात उतार, असा हा सरळ हिशेब. मात्र शरीराचा हिशेब इतका सरळ नसतो.

चढावर प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार उचलावा लागतो. श्वास फुलतो, हृदय वेगाने चालू लागते, आणि सपाटीवरचा वेग येथेही राखू पाहणारा थोड्याच वेळात थकून जातो. अनुभवी धावपटू घड्याळाकडे न पाहता श्वासाकडे पाहतात. शेजाऱ्याशी एखादे पूर्ण वाक्य सहज बोलता येत असेल तर चाल बेताची आहे. शब्द तुटू लागले तर ती आवरली पाहिजे. ही कसोटी शरीरशास्त्राला मान्य आहे. म्हणजे घाटात शेजारच्या अनोळखी माणसाला, आपण कोठले, अशी विचारपूस करणारा केवळ सौजन्य दाखवीत नसतो. नकळत तो स्वतःची प्रकृतीही सांभाळीत असतो.

उतार सुखाचा असेल, अशी नवख्याची अपेक्षा असते. श्वासाला तो सुखाचा असतो खरा, पण मांड्यांना नव्हे. खाली उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला रोखून धरतात. या दुहेरी ताणाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. तिचा ठणका त्याच दिवशी पुरता उमगत नाही; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना तो आपले अस्तित्व पटवून देतो. म्हणून ज्याला साताऱ्यास धावावयाचे आहे, त्याने चढाइतकाच उताराचाही सराव केला पाहिजे. सपाट दिल्लीत राहणाऱ्याला रिजवरच्या चढउतारांचा तेवढाच आधार.

आता या दौडीतील माणसांकडे वळू. साताऱ्यास जाऊन आलेले धावपटू आपली वेळ सांगण्याआधी लोकांविषयी सांगू लागतात. पहाटेच्या अंधारात दारांपुढे उभी राहिलेली कुटुंबे, लेझीम खेळणारी मुले, ढोलताशांचा गजर, घाटाच्या वळणावर पाण्याचे पेले धरून उभे असलेले स्वयंसेवक, आणि टाळी देण्यासाठी पुढे केलेले चिमुकले तळवे. येथे धावणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. पण पाहुण्याचे नाव विचारून मग त्याचे स्वागत करावे, अशी आपली रीत तरी कोठे आहे?

या सोबतीचा प्रत्यक्ष उपयोग होतो काय? होतो. अमेरिकेतील नॉर्मन ट्रिपलेट या मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली दाखवून दिले की, सायकलस्वार एकटा असताना जितक्या वेगाने जातो, त्याहून इतरांच्या सोबतीत अधिक वेगाने जातो. दुसऱ्याच्या सान्निध्याने माणसाच्या अंगी बळ येते. मात्र हे बळ उसने असते, हे विसरू नये. ढोलाच्या तालावर आरंभीच धावत सुटलेला माणूस घाटाच्या मध्यावर त्याचे व्याज भरतो. पाण्याचेही तसेच आहे. प्रत्येक पुढे आलेला पेला प्रेमाखातर घेत गेल्यास रक्तातील क्षारांचे प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत घटू शकते. तहान लागेल तेवढेच प्यावे. पेला धरणाऱ्या मुलाला नाही म्हणणे जिवावर येत असेल, तर त्याच्या तळव्यावर एक टाळी द्यावी. त्याला तीच अधिक आवडते.

खऱ्या मैत्रीची परीक्षा मात्र पुढच्या धावपटूंच्या बाबतीत होत नाही. जिंकणाऱ्याला टाळ्या कोठेही मिळतात. सर्वांच्या मागून, लंगडत, थांबत, चालत येणारा जो असतो, त्याच्यासाठी कोण थांबले आहे, हे पाहावे. पाण्याच्या टेबलावर त्याच्या वाट्याचे पाणी उरले आहे काय? त्याच्या मागे रुग्णवाहिका आहे काय? छातीत दुखू लागल्यास, ‘आता पुरे,’ असे त्याला निक्षून सांगणारे कोणी आहे काय? हाका देणे ही सोबत, तसे वेळीच थांबविणे हीदेखील सोबत. जी दौड नवख्यांना घाट चढावयास बोलावते, तिच्यावर ही जबाबदारी इतरांहून अधिक येते. धावणाऱ्यानेही आपल्या हृदयाची तपासणी करून न घेता आणि काही महिन्यांचा सराव न करता केवळ उत्साहाच्या भरात नाव नोंदविणे, हा त्या यजमान गावावर अन्यायच होय.

येथे एक पेच उभा राहतो. २०१५ साली साताऱ्याच्या या दौडीत २,६१८ जण धावले आणि एका डोंगरावरील शर्यतीत सर्वाधिक धावपटू म्हणून तिची नोंद गिनेस बुकात झाली. कीर्ती पसरली, पुढे संख्या आणखी वाढली. परंतु घाटाचा रस्ता रुंदावत नाही आणि शहर मोठे होत नाही. आपुलकी वाटते म्हणून माणसे येतात. अति माणसे आली तर त्या आपुलकीवरच ताण पडतो. याच रस्त्यावर पुढे कासचे पठार आहे. ज्या २०१२ साली ही दौड सुरू झाली, त्याच साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात या पठाराचा समावेश झाला. तेथील रानफुलांचा बहर आणि दौडीचा हंगाम बहुधा एकच. वाऱ्याने उडालेला एखादा पेला दरीत गेला की तो उचलून आणणारे कोणी नसते.

म्हणून अशा दौडीत किती जणांस घ्यावे, याचे माप मैदानात किती माणसे मावतील यावरून ठरवू नये. घाटात किती स्वयंसेवक उभे राहू शकतील, शेवटच्या धावपटूकडे किती जणांचे लक्ष राहील आणि संध्याकाळपर्यंत रस्ता किती स्वच्छ करता येईल, यांवरून ते ठरवावे. नोंदणी लवकर बंद झाल्याने काही जण हिरमुसतील. पण ज्या पाहुणचारासाठी ते येऊ पाहतात, तो पुढच्या वर्षीही शिल्लक राहील.

राजधानीत राहणाऱ्यांनाही यातून घेण्याजोगे काही आहे. भव्य रस्त्यांवरची मोठी शर्यत आहे तशीच चालू राहो. तिच्या जोडीला आपापल्या वसाहतीत, हवा बरी असलेल्या महिन्यांत, पाच-दहा किलोमीटरच्या लहान दौडी भरविता येतील. वाट अशी निवडावी की ती लोकांच्या दारांवरून जाईल. पाण्याची टेबले मुलांच्या हाती द्यावीत, औषधांची पेटी घेऊन एखाद्या डॉक्टरांना बसवावे, आणि शेवटचा माणूस येईपर्यंत कोणीही घरी जाऊ नये, एवढा एकच नियम ठेवावा. त्यासाठी साताऱ्याचा डोंगर दिल्लीस आणावा लागणार नाही. त्या रविवारी थोडे लवकर उठून दार उघडावे लागेल.