सरकारच्या डब्यातले पैसे

मैत्रिणींनो, पगार हातात आला की आपण काय करतो? किराण्याचे वेगळे, दूधवाल्याचे वेगळे, मुलांच्या फीचे वेगळे, असे पैसे काढून ठेवतो. त्यातला सगळाच खर्च सारखा नसतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. फटाक्यांचे पैसे एका रात्रीत धूर होऊन जातात; मुलीच्या शिवणाच्या क्लासची फी मात्र तिच्या हातात कायमची राहते.

राज्याचा संसारही असाच. शिकलेली, निरोगी माणसं हीच देशाची खरी पुंजी. अर्थशास्त्रज्ञ तिला 'मानवी भांडवल' असं जड नाव देतात, इतकंच.

आपल्या कोल्हापूरने हा हिशोब फार लवकर मांडला. आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक इंग्रज सरकारपुढे मांडलं; पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. पण शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या लहानशा संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड! गुरं राखणारं पोर शाळेत गेलं तर घरचं काम अडतं, हे का महाराजांना ठाऊक नव्हतं? म्हणून तर नुसती फी माफ करून ते थांबले नाहीत. १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून जातीजातींच्या मुलांसाठी त्यांनी वसतिगृहं उभी करवली.

त्या खर्चाचं काय झालं? एकच उदाहरण बघा. कृष्णाबाई केळवकर दरबारच्या शिष्यवृत्तीवर डॉक्टर झाल्या आणि इथल्याच आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, रुजू झाल्या. पुरुष डॉक्टरपुढे दुखणं सांगायला लाजणाऱ्या बायकांना हक्काची बाई मिळाली. एका मुलीच्या शिक्षणाचे पैसे किती घरांना पुरले!

आता आजचं पाहू. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असं कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलं. तो आकडा आपण अजून गाठलेला नाही. पण पैसा नुसता ओतूनही भागत नाही, बरं का!

माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी सातवीत होती. दर महिन्याला चार दिवस शाळा बुडवायची. खोदून विचारलं तेव्हा कळलं, शाळेत मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडीच नव्हती! इमारत होती, शिक्षक होते, पुस्तकं फुकट होती. आणि एका कडीवाचून पोर घरी बसत होती. शेवटी चार आया मिळून शाळेत गेल्या, तेव्हा कडी बसली.

तुमच्या हातात काय आहे, ते ऐका. २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. नुसती सही करून परत येऊ नका. पैसे किती आले, कशावर गेले, विचारा. घरी थोरली मुलगी असेल तर आणखी एक चौकशी करा : कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली आहे.

भाजीवाल्याशी आपण चार आण्यांसाठी हुज्जत घालत आलो. मग हे तर आपल्याच घामाचे पैसे, आपल्याच लेकरांसाठी काढून ठेवलेले. त्यांचा हिशोब मागायला संकोच कसला?