विमानातून उतरलं, पुढची आगगाडी कशी धरायची?

गटाच्या बैठकीत हल्ली कर्जाच्या हप्त्याइतकाच एक विषय निघतो, तो म्हणजे जर्मनी. 2024 च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला आणि गावोगावी जर्मन भाषेच्या वर्गांची चौकशी सुरू झाली. त्याआधीही नर्सिंग शिकलेल्या मुली तिकडे जातच होत्या. मुली गेल्या, तिथं संसार झाले, आता बाळंतपणं आली. आणि बाळंतपणाला आई लागतेच.

मग प्रश्न असा येतो. मुंबईहून विमान जातं फ्रँकफर्टला. लेक राहते स्टुटगार्टला, म्हणजे पुढे सव्वा-दीड तासाच्या आगगाडीवर. लेकीला नववा महिना, जावयाला रजा नाही. आईनं एकटीनं ती गाडी धरायची. ‘विमानाचं काही नाही हो, पण त्या गाडीची भीती वाटते,’ असं आमच्या एक मावशी म्हणाल्या. म्हणून आज फक्त त्या गाडीबद्दल बोलू.

पहिली गोष्ट तिकिटाची, आणि खरं सांगायचं तर हीच मोठी गोष्ट आहे. लेक-जावई बहुतेक वेळा स्वस्तातलं तिकीट काढतात. ते ठरावीक गाडीचंच असतं. सकाळी 8 ची गाडी म्हणजे 8 चीच. ती चुकली तर तिकीट वाया, आणि ऐनवेळी नवं काढायचं तर दोन-तीन पट पैसे पडू शकतात. आता विमान उशिरा आलं तर? रेल्वेला त्याचं सोयरसुतक नाही. तुमचं विमान आणि त्यांची गाडी एकमेकांना ओळखत नाहीत. गाडीलाच उशीर होऊन तुम्ही मुक्कामाला 20 मिनिटांहून उशिरा पोचणार असाल तर तेच तिकीट दुसऱ्या गाडीला चालतं. विमानाच्या उशिराला ही सवलत नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते तिकीट काढायच्या आधीच करावे लागतात. विमानाच्या तिकिटातच रेल्वेचं तिकीट जोडून मिळतं. त्याला ‘रेल अँड फ्लाय’ म्हणतात. ते एका गाडीला बांधलेलं नसतं, विमान उशिरा आलं तर पुढची गाडी धरा. लुफ्थान्साच्या विमानाला तर स्टुटगार्टपर्यंतची गाडी विमानासारखीच नंबर देऊन जोडून मिळते. तिथं गाडी चुकली तर पुढची सोय कंपनी करते. हे जमलं नाही, तर लेकीला सांगा की दिवसभरात कुठलीही गाडी चालेल असं तिकीट काढ. थोडं महाग पडेल. आमच्या मते एकट्या आईसाठी हे पैसे वाचवू नयेत. ते परवडत नसेल आणि ठरावीक गाडीचंच काढायचं असेल, तर विमान उतरायची वेळ आणि गाडीची वेळ यांत किमान तीन तास ठेवायला सांगा. पासपोर्टची रांग, मग सामानाचा पट्टा, मग लांबच लांब चालणं, यात दोन तास सहज जातात.

सामानावरून आठवलं. साजूक तूप, खवा, पेढे असे दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नको. तपासणीत सापडलं तर काढून टाकतात, वर वेळ जातो. डिंक, खारीक, मेथीची पूड घेऊन जा आणि लाडू तिथंच वळा. तूप करायला लोणी तिथल्या दुकानात मिळतं.

बाहेर आल्यावर स्टेशन शोधायला शहरात जायचं नाही. स्टेशन विमानतळालाच लागून आहे. पण एक नाही, दोन आहेत, आणि गोंधळ होतो तो इथंच. एक टर्मिनल 1 च्या खाली, जवळच्या गाड्यांचं, आपल्या लोकलसारखं, प्लॅटफॉर्म 1 ते 3. दुसरं लांब पल्ल्याचं, 1999 साली सुरू झालेलं, प्लॅटफॉर्म 4 ते 7. आपल्याला दुसरं हवं. त्याचं नाव ‘फेर्नबानहोफ’. टर्मिनल 1 पासून आतल्या आत पुलावरून चालत जाता येतं. तुमचं विमान दुसऱ्या टर्मिनलला लागलं तर आधी फुकटच्या गाडीनं टर्मिनल 1 ला यायचं. फेर्नबानहोफ हे नाव लेकीकडून मोठ्या इंग्रजी अक्षरांत कागदावर लिहून घ्या. इंग्रजी बोलता येत नसेल तरी कागद दाखवला की कुणीही बोट करून दिशा दाखवतं. आणि तिकिटावरही सुरुवातीचं स्टेशन विमानतळाचंच आहे ना, हे घरूनच बघून घ्या. शहरातलं मुख्य स्टेशन वेगळं आहे.

तिकीट छापलेलं असो की मोबाईलवर, त्यात चार आकडे शोधायचे. गाडीचा नंबर, सुटायची वेळ, डबा आणि सीट. वेळ आपल्या रेल्वेसारखीच 24 तासांची. एक फरक लक्षात ठेवा. आपल्याकडे आरक्षण म्हणजेच तिकीट, तिकडे तिकीट वेगळं आणि सीटचं आरक्षण वेगळं. नुसतं तिकीट असेल तर गाडीत बसता येतं, पण सीट रिकामी मिळाली तर. थोडेच युरो लागतात, आरक्षण घ्यायला सांगा. पासपोर्ट हाताशी ठेवा, तपासनीस तिकिटासोबत तो मागू शकतो. प्लॅटफॉर्मवर जाताना कुणी अडवत नाही. तपासणी गाडीत होते, म्हणून कुणी विचारलं नाही याचा अर्थ तिकीट लागत नाही असा घेऊ नका.

प्लॅटफॉर्मला तिथं ‘ग्लाइस’ म्हणतात आणि डब्याला ‘वागेन’. फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली असतात. वरच्या पाटीवर तुमचा डबा कुठल्या अक्षराजवळ येणार ते दिसतं. तिथंच उभं राहा, कारण गाडी काही मिनिटंच थांबते, हमाल मिळत नाही आणि दार बटण दाबल्याशिवाय उघडत नाही. दाराला पायरी असते. म्हणून एकच बॅग, आणि ती एकटीला उचलेल एवढीच. काही गाड्या म्हणजे दोन गाड्या जोडलेल्या असतात. आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही, तेव्हा आधी कुठल्याही डब्यात चढून मग चालत जाऊ हा आपला हिशेब तिथं चालेलच असं नाही.

जर्मनीत सगळं घड्याळाच्या काट्यावर, असं आपण ऐकतो. 2024 साली लांब पल्ल्याच्या 100 गाड्यांमागे जेमतेम 62-63 वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तर ते मोजतच नाहीत! प्लॅटफॉर्मही ऐनवेळी बदलतो. सगळी माणसं एकदम बॅगा उचलून निघाली तर आपल्या गाडीचा नंबर पाटीवर पुन्हा बघायचा आणि कागद दाखवून विचारायचं. तासाहून जास्त उशीर झाला तर तिकिटाचे चौथा हिस्सा पैसे परत मिळतात, दोन तासांना निम्मे. तिकीट जपून ठेवा, अर्ज लेक करेल.

मदत लागली तर मोठ्या स्टेशनांवर ‘बानहोफ्समिशन’ची माणसं असतात. स्टुटगार्टला आहेत, फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनवरही आहेत. निळी जाकिटं घालतात, पैसे घेत नाहीत. हे काम 1894 साली बर्लिनला सुरू झालं ते खेड्यातून शहरात कामाला येणाऱ्या तरुण मुलींना कुणी फसवू नये म्हणून. म्हणजे बाईमाणूस स्टेशनवर एकटं पडतं ही गोष्ट तिकडेही जुनीच.

गाडीत बसल्यावर लेकीला फोन करून डब्याचा नंबर कळवा. फोन हळू आवाजात, बरं का, काही डब्यांत तर फोनवर बोलणंच चालत नाही. वाटेत बहुतेक गाड्या मानहाइमला थांबतात, तिथं उतरायचं नाही. स्टुटगार्टच्या स्टेशनचं मोठं बांधकाम 2010 साली सुरू झालं आणि वर्षानुवर्षं चाललं, त्यामुळे तिथं बाहेर शोधत फिरू नका. उतरलात की त्याच दारापाशी बॅगेवर हात ठेवून उभं राहा. डब्याचा नंबर माहीत असला की जावई बरोबर तिथंच येतात.

कुणाचं तिकीट आलं असेल तर पुढच्या बैठकीला छापून आणा. सगळ्या मिळून ते वाचू.