गुलमोहराची लागवड व निगा (बुलढाणा जिल्हा)

गुलमोहर (शास्त्रीय नाव: डेलोनिक्स रेजिया) हा शिंबावंत कुळातील, छत्रीसारखा पसरणारा शोभेचा पानझडी वृक्ष आहे. मूळचा मादागास्करमधील हा वृक्ष एकोणिसाव्या शतकात युरोपीय वनस्पतितज्ज्ञांच्या दृष्टीस पडला आणि त्यानंतर उष्ण कटिबंधात सर्वत्र पसरला. बुलढाणा जिल्ह्यात शाळा व कार्यालयांची आवारे आणि रस्त्यांच्या कडा येथे तो आढळतो. सातारा शहरात १९९९ पासून दरवर्षी १ मे हा दिवस गुलमोहर दिन म्हणून साजरा केला जातो.

ओळख

वृक्षाची उंची साधारण १० ते १५ मीटर असते, मात्र पसारा पुष्कळदा उंचीहून अधिक होतो. पाने संयुक्त असून दलके बारीक असतात. फुलातील पाच पाकळ्यांपैकी चार तांबड्या असतात. पाचवीवर पांढरे-पिवळे पट्टे व ठिपके दिसतात. शेंग चपटी, कठीण आणि ६० सेंमीपर्यंत लांब असते. पिवळ्या फुलांचा सोनमोहर, निळसर जांभळ्या फुलांचा नीलमोहर आणि लहान झुडूपवजा शंकासुर हे गुलमोहराहून वेगळे आहेत.

सावलीचा प्रश्न

गुलमोहर सावलीसाठी लावला जातो, परंतु विदर्भात त्याच्या सावलीला एक मर्यादा आहे. कोरड्या ऋतूत तो पाने गाळतो. मार्च-एप्रिलमध्ये, घाटाखालील मलकापूर, नांदुरा, शेगाव या भागांत पारा चाळिशी ओलांडू लागतो, त्या वेळी झाड बहुधा निष्पर्ण असते. फुले एप्रिलअखेरीस येऊ लागतात व नवी पालवी त्यासोबत किंवा त्यानंतर फुटते. कडुनिंबाचीही पाने गळतात, पण त्याला लवकरच नवी पालवी येते. म्हणून बसथांबा, बाजार किंवा शाळेच्या प्रांगणासाठी कडुनिंब वा वड अधिक उपयोगी ठरतो. गुलमोहर शोभेसाठी आणि पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंतच्या सावलीसाठी योग्य आहे.

जमीन

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग पडतात. घाटावरील हलक्या, मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत गुलमोहर सहज वाढतो. पूर्णा खोऱ्यातील खोल काळी जमीन मात्र पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. साचलेल्या पाण्यात या झाडाची मुळे कुजतात. अशा ठिकाणी सुमारे ९० सेंमी लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तळाशी मुरूम घालावा आणि माती, शेणखत व वाळू यांचे मिश्रण भरावे. रोप आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित उंचावर लावावे, अन्यथा मोठा खड्डाच पाण्याचे टाके बनतो. खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट असते; ते सतत दिल्यास काळी माती आणखी घट्ट होते. साठवलेले पावसाचे किंवा नळाचे गोडे पाणी उपलब्ध नसेल, तर तेथे हे झाड न लावणेच बरे.

रोपे तयार करणे

बियांचे कवच अत्यंत कठीण असते, त्यामुळे नुसते पेरल्यास उगवण फार लांबते. बी एका बाजूने वाळूकागदावर घासावे किंवा गरम पाण्यात टाकून ते पाणी थंड होईपर्यंत व पुढे दिवसभर भिजत ठेवावे. फुगलेले बी पिशवीत पेरावे. पिशवीत मुळे गुंडाळली गेल्यास पुढे झाडाचा आधार कमकुवत होतो. म्हणून रोप पिशवीत वर्षानुवर्षे ठेवू नये. लागवड जून-जुलैमध्ये, चांगला पाऊस झाल्यावर करावी. दोन झाडांत ८ ते १० मीटर अंतर ठेवावे. मुळे उथळ पसरतात व फरशा उचलतात, म्हणून कुंपणभिंत आणि जलवाहिनीजवळ लागवड टाळावी. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे पाणी दिल्याने मुळे वरच्या थरातच राहतात.

छाटणी

झाड झपाट्याने वाढते, पण लाकूड ठिसूळ असते. मॉन्सूनपूर्व वादळात मोठी फांदी मोडून खाली उभ्या माणसावर, वाहनावर किंवा वीजतारेवर पडण्याचा धोका असतो. तो टाळण्याचे काम रोप लहान असतानाच करावयाचे असते. अडीच-तीन मीटर उंचीपर्यंत एकच सरळ खोड ठेवावे. अरुंद कोनात फुटलेली जोडखोडे वेळीच काढावीत. त्यांच्या सांध्यात साल दबली जाते आणि वजन वाढताच तो फाटतो. छाटणी पानगळीच्या काळात, कळ्या येण्यापूर्वी करावी. जड फांदीला आधी खालून चीर द्यावी, मग वरून कापावे, म्हणजे साल सोलली जात नाही. शेवटचा काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगवट्याला धक्का न लावता घ्यावा.

वीजतारांखाली झाडाचा शेंडा सरसकट छाटण्याची पद्धत सर्रास दिसते. तिच्यामुळे धोका कमी होत नाही. कापलेल्या टोकांवर येणारे जोमदार फुटवे वरवर जोडलेले असतात आणि काही वर्षांत तेच मोडतात. तारांखाली गुलमोहर लावू नये, हाच यावरील उपाय आहे.

वाढलेल्या झाडाची तपासणी

बुंध्याभोवती सिमेंट वा फरशी थेट खोडापर्यंत घालू नये. किमान एक मीटर माती मोकळी ठेवावी. बुंध्याशी कंसासारखी कडक बुरशी उगवलेली दिसल्यास आतील मुळे कुजली असण्याची शक्यता असते. झाड वरून हिरवे असले तरी अशा वेळी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी, विशेषतः ते शाळेच्या आवारात असेल तर. खोडाचा पोकळ आवाज, नव्याने झुकलेले खोड आणि बुंध्याजवळ उचललेली माती हीही धोक्याची लक्षणे आहेत.

नगरपालिका क्षेत्रात झाड तोडण्यासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक असते.