मांडीचं हाड मोडतं तेव्हा

विंझरजवळच्या वळणावर दुचाकी घसरून मांडीचं हाड मोडलं, तर पुण्याच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत नसरापूर, चेलाडी फाटा आणि पुढे महामार्ग एवढा पल्ला गाठावा लागतो. या वाटेवरच बरंच काही ठरतं. मांडीचं हाड शरीरातलं सर्वांत मोठं. ते मोडलं की बाहेर थेंबही न सांडता लिटरभर रक्त आतच साचू शकतं. मांडी फुगते, माणूस पांढराफटक पडतो, दरदरून घाम सुटतो. म्हणून पाय हलू न देणं हाच पहिला उपचार. पहिल्या महायुद्धात थॉमस स्प्लिंट या साध्या लोखंडी चौकटीने असे असंख्य सैनिक वाचवले. आपल्याकडे फळी आणि उपरणं पुरतं. मोडका पाय धडक्या पायाला बांधला तरी चालतं. ओढून सरळ करायला मात्र जाऊ नका.

हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल, तर हळद-चुना नको. स्वच्छ कापडाने झाका, रक्त वाहत असेल तर दाबून धरा. रुग्णालयात शक्यतो तासाभरात प्रतिजैविक मिळायला हवं. मग जखम धुऊन, हाडाच्या पोकळीत सळई बसवतात.

१०८ लावा. पोलिसांच्या भीतीने निघून जाऊ नका. मदत करणाऱ्याला २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने संरक्षण दिलं आहे, नाव सांगण्याचीही सक्ती नाही.