स्वच्छ ऊर्जेचा कायदा – लेखांक 5 : पाइप तोच, वायू दुसरा

मागच्या आठवड्यात आपण विजेच्या मनोऱ्यांखाली जाणाऱ्या जमिनीच्या मोबदल्याचा विचार केला. आज जमिनीखालून जाणाऱ्या पाइपलाइनकडे वळू. तेल आणि नैसर्गिक वायूसाठी देशभर पोलादी पाइपलाइनचे जाळे पुरलेले आहे. महाराष्ट्रात मुंबई–मनमाड ही तेलाची आणि दाभोळ–बेंगळुरू ही वायूची लाइन त्यांतलीच. खनिज तेल-वायूचा वापर घटत गेला की यांचे काय करायचे, यावर एक सरळ उत्तर दिले जाते : त्यांतूनच हायड्रोजन न्या, नाहीतर कारखान्यांच्या धुरातून वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड न्या. नवे खोदकाम नको, पोलादाचाही खर्च वाचला. त्यातल्या तांत्रिक अडचणींवर पुष्कळ लिहिले जाते. हायड्रोजनमुळे काही प्रकारचे पोलाद ठिसूळ होते आणि तेवढ्याच दाबाला तेवढ्याच आकारमानाच्या हायड्रोजनमध्ये नैसर्गिक वायूच्या साधारण एक तृतीयांशच ऊर्जा असते, हे खरेच आहे. पण ज्या शेतातून ती लाइन गेली आहे, तिथून दुसरा वायू नेण्याचा हक्क कंपनीला मुळात आहे का, हे फारसे कोणी विचारत नाही. माझ्या मते आजच्या कायद्यात तो हक्क नाही. तो द्यायचा असेल तर संसदेने उघडपणे द्यावा, आणि शेतकऱ्याला त्याचा वेगळा मोबदला मिळावा.

हा हक्क येतो 1962 च्या पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायद्यातून. या कायद्याने सरकार जमीन संपादित करत नाही, फक्त तिचा वापरहक्क घेते. मालकी शेतकऱ्याचीच राहते, सातबाराच्या इतर अधिकारात मात्र पाइपलाइनची नोंद चढते. पाइप किमान एक मीटर खोल हवा. वर सोयाबीन घ्या, हळद लावा, त्याला हरकत नाही. पण त्या पट्ट्यात विहीर खोदता येत नाही, शेततळे करता येत नाही, घर बांधता येत नाही, आंब्याचे झाडसुद्धा लावता येत नाही. या कायमच्या बंधनाबद्दल कायदा काय देतो? नुकसानभरपाईखेरीज जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के रक्कम, आणि तीही अधिसूचनेच्या दिवशीच्या भावाने. इतक्या थोड्या मोबदल्यात हा हक्क मिळतो, कारण त्याचा हेतू ठरलेला आहे. पेट्रोलियम, नैसर्गिक वायू, शुद्धीकरण कारखान्यातला वायू आणि खनिजे यांच्या वाहतुकीपुरताच तो आहे. पाण्यापासून विजेने बनवलेला हायड्रोजन यांतल्या कशातच बसत नाही. पाइपलाइन नियामक मंडळाच्या 2006 च्या कायद्यातली नैसर्गिक वायूची व्याख्या तर आणखी काटेकोर आहे. विंधन विहिरीतून मिळणारा, मुख्यतः हायड्रोकार्बनचा वायू असे तिथे म्हटले आहे, आणि त्याच विहिरीतून सोबत येणारा हेलियमही त्यातून वगळला आहे.

यावर कंपन्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो : पाइप आधीच पुरलेला आहे, शेतकऱ्याचे नव्याने काहीच जात नाही, मग हरकत कसली? जाते ते असे. चाळीस वर्षांनी ती लाइन निकामी झाली असती तर त्या पट्ट्यावरचे बंधन उठवण्याची मागणी तरी शेतकऱ्याला करता आली असती. नव्या वायूने लाइनचे आयुष्य वाढले की ते बंधन पुढच्या पिढीवर जाते, आणि धोक्याचे स्वरूपही बदलते. हायड्रोजन बारीक फटीतूनही सुटतो आणि फार सहज पेटतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर सखल भागात साचून माणसाला आणि जनावराला गुदमरवू शकतो. ज्या धोक्याचा मोबदला कधी ठरलाच नाही, तो जुन्या पावतीत धरता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा अटी घातल्या तर स्वच्छ ऊर्जेला उशीर होईल, म्हणून 'खनिज' या शब्दाचा अर्थ थोडा सैल करून काम भागवावे, असे सुचवले जाते. पण हाच कायदा सुरुवातीला फक्त पेट्रोलियमपुरता होता. खनिजांसाठी तो वापरायची वेळ आली तेव्हा, 1977 मध्ये, संसदेने दुरुस्ती केली; शब्द ताणून भागवले नाही. जर्मनीनेही 2021 मध्ये ऊर्जा कायद्यात स्वतंत्र कलम घालून गॅसलाइनचे जुने मार्गहक्क हायड्रोजनला लागू केले. आपण तिथला स्पष्टपणा घ्यावा, मात्र जुना हक्क आपोआप नव्या वायूला चिकटवण्याची पद्धत इथे चालणार नाही, कारण इथला हक्क सक्तीने आणि अल्प मोबदल्यात घेतलेला आहे. शिवाय संदिग्ध हक्कावर उभ्या राहिलेल्या प्रकल्पाला पहिल्याच रिट याचिकेत स्थगिती मिळू शकते. तो उशीर दुरुस्तीच्या उशिरापेक्षा मोठा असेल.

समुद्रात हा पेच सुटसुटीत आहे. तापी वायूक्षेत्रातल्या काही सुविधा 2016 मध्ये ओएनजीसीकडे गेल्या आणि दमण क्षेत्राच्या वायूसाठी वापरात आल्या. तिथे एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला कंपन्या, आणि मध्ये करार. शेतकरी तिथे नाहीच.

जमिनीवर परत येऊन आपल्या हिंगोली जिल्ह्यापुरते बोलायचे तर मुंबई–नागपूर गॅसलाइन समृद्धी महामार्गाला धरून शेजारच्या वाशिम जिल्ह्यातून जाते. महामार्गाच्या हद्दीत शेतकऱ्याशी गाठ पडत नाही. पण तिथून दक्षिणेला उद्या फाटा निघाला तर तो सेनगाव, कळमनुरीच्या शेतांतूनच येईल. या जिल्ह्याला जवळचा पर्याय हायड्रोजन नसून उसाच्या मळीचा, शेणाचा आणि पिकांच्या काडीकचऱ्याचा बायोगॅस आहे. शुद्ध केला की तो मुख्यतः मिथेनच, त्यामुळे पोलादाला त्रास नाही आणि धोकाही ओळखीचा. केंद्राने शहरी गॅस कंपन्यांवर तो मिसळण्याचे बंधनही घातले आहे : 2025-26 साठी 1 टक्का, 2028-29 पर्यंत 5 टक्के. पण शब्दशः पाहिले तर हा वायूही विंधन विहिरीतून आलेला नाही, त्याला आधार आहे तो धोरणाचा. म्हणून दुरुस्तीची सुरुवात बायोगॅसपासून व्हावी. दोन्ही कायद्यांत त्याचे नाव घाला. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडसाठी मात्र वेगळे कलम करा : प्रत्येक खातेदाराला नोटीस, आजच्या बाजारभावाने वाढीव मोबदला, आणि वापर संपल्यावर लाइन काढून सातबारावरची नोंद कमी करण्याची जबाबदारी त्या वेळी लाइन ज्याच्या ताब्यात असेल त्याच्यावर. नवा फाटा टाकण्याची अधिसूचना निघण्यापूर्वी हे कलम आले, तर हिंगोलीच्या शेतकऱ्याला कशासाठी हक्क देतो आहोत हे सहीआधी कळेल. अधिसूचनेनंतर हरकत घ्यायला कायद्याने 21 दिवसच ठेवले आहेत.