पोलादात सोनं, सोन्यात हिरा

हिऱ्याला कोंदण सोन्याचंच का? मिरवायला, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. हाताने कोरलेल्या पोलादात खडे कसे बसवतात हे समजून घ्यायला लागलो, तेव्हा खरं कारण कळलं. शुद्ध सोनं दाबलं की दबतं आणि तसंच राहतं. पोलाद दाबलं तर दबतं खरं, पण हात सैल होताच किंचित मागे सरतं. सगळा घात त्या ‘किंचित’मध्ये आहे. केसाहून बारीक फट पडली तरी खडा डुगडुगतो, आणि डुगडुगणारा खडा आज ना उद्या पडतो.

मग जोर वाढवावा? हिरा मोह्सच्या मोजपट्टीवर १०, म्हणजे काठिण्यात त्याच्या वर कोणी नाही. पण काठिण्य वेगळं आणि चिवटपणा वेगळा. हिऱ्याच्या स्फटिकात चार दिशा अशा असतात की तिथे नेमका फटका बसला तर तो सरळ चिरतो. पाचूच्या पोटात तर बहुधा भेगा असतातच. बरं, सोनं तापवून डाक लावून पोलादावर चिकटवावं, तर ३०० अंशांच्या आसपास घासलेलं पोलाद निळं पडतं आणि कोरीव कामाचा रंग गेला. थोडक्यात, जे करायचं ते थंडच करायचं.

जुन्या कारागिरांनी काढलेली वाट इतकी साधी आहे की हसू येतं: पोलादाला खडा धरायला सांगायचंच नाही. पोलादाने सोनं धरायचं, सोन्याने खडा.

समजा पोलादावर एक पान कोरायचं आहे. कोरणीने त्याची कड साधारण अर्धा मिलिमीटर खोल घ्यायची, आतलं पोलाद काढून तळ सपाट करायचा. आता खरी मेख. चपट्या बारीक छिन्नीने खड्ड्याच्या भिंती आतून खणायच्या, म्हणजे तोंड अरुंद आणि पोट रुंद, माठासारखं. तळावर छिन्नीनेच काटे उभे करायचे. मग २४ कॅरेट सोनं तापवून मऊ करून, थंड झाल्यावर खड्ड्यात ठेवायचं आणि हातोडीने ठोकायचं. सोन्याला वर जागा नाही, म्हणून ते बाजूंना पसरतं, माठाच्या पोटात शिरतं, काट्यांमध्ये रुततं. आता ते बाहेर येणार कसं? ज्या तोंडातून गेलं, त्याहून ते आत रुंद झालंय! ना डाक, ना डिंक.

आपल्याकडे या खोल जडावाला तहनिशान म्हणतात. उदयपूरच्या तलवारींवर दिसते ती कोफ्तगारी याची धाकटी बहीण: पोलादावर आडव्याउभ्या बारीक रेघा मारून खरखरीत करायचं आणि सोन्याची तार वर ठोकून बसवायची. फारसीत ‘कोफ्तन’ म्हणजे कुटणं. ताटातला कोफ्ताही त्याच घरचा. पण कोफ्तगारीचा थर इतका पातळ असतो की त्यात खडा रुतत नाही. खड्याला सोन्याची जाडी लागते.

त्या जाडीत आता भोक पाडायचं. खड्याचं खालचं टोक भोकातून पार पोलादात उतरतं, कंबर मात्र सोन्याच्या काठावर टेकते. मग चहूबाजूंनी कोरणीने सोन्याचे चार दाणे उचलून खड्यावर झुकवायचे. दीड मिलिमीटरच्या खड्याला दाणा केवढा असेल? म्हणूनच आजचे शिकाऊ दुर्बिणीसारखं दोन डोळ्यांचं सूक्ष्मदर्शक लावून बसतात. सोन्याआधी तांब्याची तार आणि मऊ पोलादाची पाटी यांवर हात बसवतात, आणि कोरणीची टोकं मोडतात. एक मोडलं की पुन्हा घासून धार, पुन्हा तोच कोन. मला वाटतं, सुरुवातीला ही विद्या खडे बसवण्याची कमी आणि धार लावण्याची जास्त असते.

कुंदनकाम करणारा जडिया तर दाण्यांच्याही भानगडीत पडत नाही. अगदी शुद्ध सोन्याचे पातळ पत्रे तो खड्याभोवती नुसत्या दाबाने एकमेकांत मिसळवतो. सोनं गंजत नाही, त्याच्यावर मळाचा पापुद्रा धरत नाही, म्हणून स्वच्छ पत्र्यावर स्वच्छ पत्रा दाबला की ते थंड असतानाच एकजीव होतं. भेसळीच्या सोन्याला हे जमत नाही.

ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात एक मराठा तलवार आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून ती १८७५-७६ च्या भारतदौऱ्यात तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेली, आणि अनेक अभ्यासक तिलाच शिवछत्रपतींची जगदंबा मानतात. पातं युरोपी, सरळ, त्यावर ‘आयएचएस’ ही अक्षरं तीनदा ठोकलेली. परजेच्या जाळीदार पोलादावर मात्र जाड सोन्याची वेलबुट्टी आहे, आणि त्या सोन्यात मोठाले हिरे व माणकं. पूर्वी तिचं छायाचित्र पाहताना माझी नजर आधी खड्यांवर जायची. आता ती पानांच्या कडेवर रेंगाळते, जिथे सोनं संपून पोलाद सुरू होतं.